थोरली

ती येते तेव्हा घरात कुणाला पत्ताच नसतो. मूल सहा वर्षांचं असतं, नुकतंच पहिलीत जाऊ लागलेलं असतं आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्या पुढच्या हलणाऱ्या दाताकडे लागलेलं असतं. जिभेने ढकलून ढकलून तो दात एकदाचा पडतो. मग आजी तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायला लावते, नाहीतर उंदराच्या बिळापाशी ठेवायला सांगते. मामाला फोन जातो, फोटो काढले जातात, बोळक्या तोंडाचं कौतुक होतं. त्याच दिवसांत तोंडाच्या पार मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेच्याही पलीकडे, हिरडी थोडी फुगते आणि तिच्यातून एक पांढरं टोक वर येतं. मग दुसरं, मग तिसरं. मूल दोन दिवस त्या बाजूने नीट जेवत नाही. आई म्हणते, घसा धरलाय वाटतं.

ही पहिली कायमची दाढ. तिच्यासाठी कुणी जागा रिकामी करून दिलेली नसते. पुढचे दात, सुळे, उपदाढा हे सगळे दुधाच्या कुणाला तरी पाडून त्याच्या जागेवर येतात. ही मात्र जबडा मागे वाढून जी नवी जागा तयार झाली तिथे येते. काही पडत नाही, रक्त येत नाही, म्हणून तिची नोंदही होत नाही. दंतवैद्य तिला सहा नंबर म्हणतात. तोंडाचे चार भाग करून मधल्या रेषेपासून मागे मोजत गेलं की ती सहावी लागते. म्हणून केसपेपरवर ती 16, 26, 36 आणि 46 अशी चार ठिकाणी लिहिलेली असते. मी तिला थोरली म्हणते. घरातल्या थोरल्या लेकीसारखी ती बहुतेक वेळा कायमच्या भावंडांत सगळ्यांत आधी येते, सगळ्यांत जास्त भार उचलते, धाकटी भावंडं तिच्याकडे बघून आपापली जागा धरतात, आणि तिचं स्वतःचं काही दुखत असेल हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

तिचं घडणं खूप आधी सुरू झालेलं असतं. बाळ जन्माला येतं त्याच सुमाराला हाडाच्या आत तिच्या टोकांवर इनॅमलचे पहिले थर बसू लागतात. पोटातून बाहेर येणं, नाळ तुटणं, पहिल्या दिवसांतली ओढाताण, हे सगळं त्या थरांमध्ये एका बारीक रेषेत उमटतं. सूक्ष्मदर्शकाखाली ती रेषा दिसते. शास्त्रज्ञ तिला नवजात रेषा म्हणतात. दुधाच्या दातांवर ती असते, आणि कायमच्या दातांमध्ये बहुधा या एकाच दाढेवर. आपल्या जन्माच्या दिवसाची खूण म्हातारपणापर्यंत अंगात बाळगणारी दुसरी कुठली गोष्ट आपल्याजवळ असते, मला माहीत नाही. तिसरं वर्ष सरेपर्यंत तिचा माथा पुरा होतो. म्हणजे अंगावरचं दूध, उष्टावणाची खीर, पहिले ताप आणि जुलाब, ज्या आडाचं किंवा नळाचं पाणी प्यायलो ते पाणी, सगळं तिच्यात बांधलं जातं. इनॅमल जवळजवळ 96 टक्के खनिज असतं, शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. पण ते घडवणाऱ्या पेशी काम संपल्यावर उरत नाहीत. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते. हिचा टवका उडाला की तो उडालाच.

म्हणूनच उत्खनन करणारे लोक तिच्याशी फार आदराने वागतात. हडप्पा आणि हरियाणातलं फरमाणा इथल्या दफनांमधल्या पहिल्या दाढांमधलं शिसं आणि स्ट्रॉन्शियम तपासून संशोधकांनी दाखवलं आहे की तिथे पुरलेली काही माणसं बालपणी दुसरीकडच्या मातीतलं अन्नपाणी खात होती. ती बाहेरून या नगरांत आली होती. नाव नाही, लिपी वाचता येत नाही, आणि एक दाढ सांगते की हे मूल इथलं नव्हतं. आपल्याकडे शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे 1968 पासून पुढची बरीच वर्षं खोदकाम केलं. घरांच्या जमिनीखाली, मडक्यांत ठेवून पुरलेली लहान मुलं तिथे सापडली. त्या मुलांच्या दातांवरच्या खाचा आणि डाग अभ्यासकांनी वाचले, कारण उपासमार आणि आजारपण दातांवर लिहिलं जातं. आणि बलुचिस्तानातल्या मेहरगढला तर 7,500 ते 9,000 वर्षांपूर्वीच्या 11 दाढा मिळाल्या, ज्यांना जिवंत माणसाच्या तोंडात गारगोटीच्या टोकाने भोक पाडलेलं होतं. भोकाच्या कडा नंतरच्या चावण्याने गुळगुळीत झालेल्या होत्या. माणूस त्यानंतरही जगला, जेवला. दाढ उपटण्याआधी तिला वाचवून बघावं, हे कुणाला तरी तेव्हाही वाटलं असावं.

तिने साक्षही दिली आहे. इंग्लंडच्या कायद्यात सात वर्षांखालचं मूल गुन्हेगार ठरत नसे. 1860च्या भारतीय दंडविधानातही 82व्या कलमाने हीच मर्यादा आली. पण जन्माची नोंद नसलेल्या मुलाचं वय ठरवायचं कसं? 1836 मध्ये तिकडच्या एका वैद्यकतज्ज्ञाने लिहिलं की ही दाढ अजून वर आली नसेल तर मुलाने सातवं वर्ष ओलांडलेलं नाही असं निःशंकपणे सांगावं. पुढच्याच वर्षी एडविन साँडर्स या दंतवैद्याने कारखान्यांतल्या मुलांचं वय दातांवरून ओळखण्याविषयी पुस्तिका काढली. नऊ वर्षांखालच्या मुलाला गिरणीत लावू नये असा कायदा 1833 मध्ये झाला होता आणि मालक व आईबाप दोघंही वय वाढवून सांगत. मुलाच्या वतीने खरं बोलायला त्याच्याच तोंडातले दात पुढे आले. मला ही गोष्ट आठवली की उगीच अभिमान वाटतो, कुणीतरी आपल्या घरचं कोर्टात उभं राहिल्यासारखा.

खालच्या थोरलीला माथ्यावर बहुधा पाच टोकं असतात आणि टोकांमधून वळणावळणाच्या खोल घळी जातात. खाली दोन जाडजूड मुळं, एक पुढे, एक मागे. वरच्या जबड्यातल्या हिच्या बहिणीला तीन मुळं असतात. ही मुळं हाडाला चिकटलेली नसतात, हे मला फार उशिरा कळलं आणि तेव्हापासून तिच्याविषयीची माझी माया वाढली. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी फट असते आणि त्या फटीत हजारो तंतू ताणून बांधलेले असतात. दाढ त्या तंतूंवर तोललेली असते. ऊस सोलताना, सुपारी फोडताना, मक्याचं कणीस ओरबाडताना पन्नास किलोच्याही वर दाब तिच्यावर येऊ शकतो आणि तंतू तो झेलून हाडात वाटून देतात. तेच तंतू भातातला बारीकसा खडाही ओळखतात. घास तोंडात आहे, डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, आणि कच्चकन जबडा आपोआप थांबतो. ती तिची जाण.

दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांचं सगळं शास्त्र तिच्यावर उभं आहे. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगलने 1899 मध्ये वाकड्या दातांची जी वर्गवारी केली, ती वरची थोरली आणि खालची थोरली एकमेकींवर कशा बसतात एवढ्यावरून केली. ती वर्गवारी आजही चालते. तिच्या पुढे उपदाढा येतात, मागे बाराव्या वर्षी दुसरी दाढ येते, आणि दोघींनाही तिचाच आधार असतो.

आणि हीच किडते, बाकीच्यांच्या आधी.

कारणं साधी आहेत, म्हणून जास्त टोचतात. नव्याने आलेलं इनॅमल पुरतं पक्कं व्हायला वेळ लागतो. हिरडीतून पूर्ण वर यायला तिला कित्येक महिने लागतात, आणि तोवर ती शेजारच्या दुधाच्या दाढेपेक्षा खालच्या पातळीवर असते, त्यामुळे ब्रश वरच्यावर फिरून जातो. तिच्या घळी इतक्या अरुंद की ब्रशचा केस आत शिरत नाही, पण चहात बुडवलेल्या बिस्किटाचा लगदा आरामात शिरतो. आणि सगळ्यांत मोठं कारण हे की घरात तिला दुधाची दाढ समजतात. काळा ठिपका दिसला तरी, पडणारच आहे ना, असं म्हणून सोडून देतात. ही पडणार नसते. सहाव्या वर्षी आलेली ही साठीत, सत्तरीत बरोबर असायला आलेली असते. तिच्या घळी पातळ रेझिनने बुजवून टाकता येतात. त्याला ड्रिल लागत नाही, सुई लागत नाही, खुर्चीत दहा-पंधरा मिनिटं बसावं लागतं. मुलाचा शाळेचा गणवेश, दप्तर, वाढदिवसाचा केक या सगळ्याचा विचार करणाऱ्या घरांनाही ही गोष्ट कुणी सांगितलेली नसते. याचा मला राग येतो. आईबापांचा नाही येत. सांगायचं ज्यांचं काम होतं त्यांनी सांगितलं नाही, त्याचा येतो.

माझ्या भाचीची अशीच गेली. वय 19, नारायणगावला राहते, उजव्या बाजूची खालची, 46. लहानपणी ठिपका होता. दहावीत असताना गार पाणी लागलं की सणक जायची, तेव्हा ती डावीकडून जेवू लागली. मग ठणका सुरू झाला की लवंगतेलाचा बोळा, मेडिकलमधली गोळी, आणि थांबला की विसरणं. मध्ये एकदा ठणका आपोआप कायमचा थांबला तेव्हा घरात सगळ्यांना बरं वाटलं. तो थांबला होता कारण आतली नस मेली होती. मग एका रात्री गाल सुजला. आधी अँटिबायोटिक झालं, सूज उतरली, आणि मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरून आम्हा दोघींना दाखवला. "ही बघा, मागची भिंत. हिरडीच्या खाली, हाडापर्यंत मोडलीय. रूट कॅनल केलं असतं, पण कॅप बसवायला काही उरलं पाहिजे ना." मग भाचीकडे वळून म्हणाल्या, "बाळा, दोन वर्षांपूर्वी आली असतीस तर वाचवली असती गं." त्यांच्या आवाजात रागवणं नव्हतं. वाईट वाटणं होतं. रोज दाढा काढणाऱ्या माणसाला एका दाढेचं वाईट वाटू शकतं, हे पाहून मला त्या डॉक्टर आवडल्या.

जेवलीस का, विचारलं. कुठली गोळी चालू आहे का, पूर्वी कधी इंजेक्शनचा त्रास झालाय का, विचारलं. मग आ करायला सांगून गालाच्या आत, जबड्याच्या अगदी मागे बोटाने जागा चाचपली आणि सावकाश भुलीचं इंजेक्शन दिलं. खालच्या दाढेसाठी सुई दाढेपाशी देऊन भागत नाही; जबड्याच्या हाडात जिथून नस शिरते तिथेच तिला गाठावं लागतं. थोड्या वेळाने विचारलं, "ओठ जाड झाल्यासारखा वाटतोय का? अर्धा?" भाचीने मान डोलावली.

त्या थोड्या वेळामागे केवढी माणसं उभी आहेत. 11 डिसेंबर 1844 ला अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगला, खुर्चीत बसला आणि सहकारी जॉन रिग्ज याच्याकडून स्वतःची दाढ काढून घेतली. त्याला दुखलं नाही. पुढच्या महिन्यात त्याने बॉस्टनला डॉक्टरांपुढे प्रयोग करून दाखवला, तेव्हा रोगी ओरडला आणि लोक वेल्सला हसले. त्यातून तो सावरला नाही. 1848 मध्ये त्याने जीव दिला. त्याचा जुना भागीदार विल्यम मॉर्टन याने 30 सप्टेंबर 1846 ला ईथर देऊन एका माणसाचा दात काढला, आणि दोनच आठवड्यांनी, 16 ऑक्टोबरला, त्याच ईथरवर बॉस्टनच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. माणसाचं पोट, छाती, मेंदू उघडून बरं करण्याचा रस्ता दाढेच्या दुखण्यातून निघाला. भाचीच्या जबड्यात गेलं ते लिग्नोकेन. स्वीडनमध्ये नील्स लॉफग्रेनने ते 1943 मध्ये तयार केलं, आणि त्याचा तरुण सहकारी बेंग्त लुंडक्विस्ट याने सुया स्वतःला टोचून घेऊन ते तपासलं. ज्यांच्या ओठाला कधी भूल चढली त्या प्रत्येकाला ही नावं माहीत असावीत असं मला वाटतं.

"दुखणार नाही, पण दाब जाणवेल," डॉक्टर म्हणाल्या. "आणि आवाज येईल, त्याला घाबरू नकोस. दुखलंच तर डावा हात वर कर."

मला वाटत होतं की दाढ उपटतात म्हणजे वर ओढतात. तसं करत नाहीत. आधी त्यांनी एका पातळ पात्याने दाढेभोवतीची हिरडी अलग केली. मग एलिव्हेटर नावाचं आखूड, रुंद टोकाचं हत्यार दाढ आणि हाड यांच्यात सरकवून हलकेच फिरवलं. तंतू तुटू लागले. मग पक्कड आली. खालच्या दाढेची पक्कड वेगळी असते. तिच्या दोन्ही चोचींना मध्ये टोक असतं, ते दोन मुळांच्या बेचक्यात जाऊन बसतं. डाव्या हाताने डॉक्टरांनी जबडा खालून धरला आणि दाढ आधी खाली, हाडाच्या दिशेने दाबली. मग गालाकडे. थांबल्या. मग जिभेकडे. थांबल्या. पुन्हा गालाकडे, थोडी जास्त. कोवळ्या वयाचं हाड लवतं. ते लवत लवत खळगा रुंद होतो आणि दाढेला सुटायला वाट मिळते. जोर दिसत नव्हता, चिकाटी दिसत होती. कर्र असा आवाज आला, तो मला बाहेर अगदी पुसट ऐकू आला, भाचीला हाडातून मोठा ऐकू आला असणार, कारण तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. डावा हात वर केला नाही. तेरा वर्षं आपल्या जागी उभी असलेली थोरली गालाच्या बाजूने कलली आणि बाहेर आली.

डॉक्टरांनी दोन बोटांनी खळगा दोन्हीकडून दाबून पुन्हा आवळला, वर गॉजची घडी ठेवली. "घट्ट चावून धर. पाऊण तास. थुंकायचं नाही, गिळायचं. आज चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही." खळग्यात जी रक्ताची गाठ बसते तिच्यातूनच पुढे हिरडी आणि हाड भरून येतं. ती गाठ निघून गेली तर हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवशी दाढेपेक्षा भयंकर ठणका लागतो. पुष्कळ जण घरी जाऊन मिठाच्या पाण्याने खळखळून चूळ भरतात, स्वच्छतेच्या चांगल्या हेतूने. मिठाचं पाणी दुसऱ्या दिवसापासून.

मग त्यांनी दाढ आम्हाला दाखवली. वरून निम्मी पोखरलेली, तपकिरी, एक भिंत नाहीशी झालेली. पण खाली दोन्ही मुळं पूर्ण, पिवळसर, धडधाकट, टोकाशी किंचित मागे वळलेली. भाची तोंडात गॉज धरून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. एवढी मोठी होती, असं तिने बोटांनी खुणेने सांगितलं. आपल्याला दिसते ती दाढ जेमतेम तिसरा हिस्सा असते.

तिच्या जाण्याने काय होईल तेही डॉक्टरांनी सांगितलं. मागची दाढ हळूहळू पुढे कलंडेल. वरची थोरली, जिला खाली टेकायला आता कुणी नाही, ती खाली उतरू लागेल. कलंडलेल्या दाढेखाली अन्न अडकेल. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची ही दाढ काढावी लागली तर योग्य वेळ साधून मागची दाढ तिची जागा भरून काढू शकते. एकोणिसाव्या वर्षी ती संधी राहिलेली नसते. तीन-चार महिन्यांनी हाड भरलं की ब्रिज किंवा इम्प्लांट, दोन्हीचा खर्च त्यांनी कागदावर लिहून दिला. पुढे घरी तो आकडा पाहून भाचीची आई गप्प झाली.

"ही मी ठेवू का?" डॉक्टरांनी निघताना विचारलं. त्यांची धाकटी बहीण पुण्यात बीडीएसला आहे. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरून शिकतात, पण पुढे रूट कॅनलचा हात बसायला खरे दात लागतात, आणि सगळ्या वर्गाची शोधाशोध सुरू असते. थोरलीला सगळ्यांत जास्त मागणी. भाचीने मान हलवून हो म्हटलं. दाढ धुऊन, औषधाच्या पाण्यात, झाकणाच्या बाटलीत गेली.

महिन्याभराने खळगा दाखवायला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टरांच्या बहिणीचा निरोप आलेला होता. तिने ती दाढ प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवून उघडली होती. पुढच्या मुळात दोन नलिका सापडल्या, मागच्यात एक. तिने तिन्हींत फाइल घालून कॉलेजातल्या मॅडमना दाखवलं. मॅडमनी ठोकळा हातात घेतला, दिव्याखाली तिरका करून पाहिला आणि विचारलं, "मागच्या मुळातली दुसरी शोधलीस? परत बघ. हिच्यात असते पुष्कळदा."